द्राक्षापासून ब्रँडी: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

नाशिक-सांगलीकडच्या वायनरीत नुकतेच लागलेले, वाइन टेक्नॉलॉजी शिकणारे किंवा हाताशी बाग आहे म्हणून ब्रँडीचा विचार करणारे, अशांसाठी हे लिहिले आहे. नव्या माणसाचे सगळे लक्ष तांब्याच्या भट्टीकडे असते आणि पहिली चूक तिथेच होते. एक लिटर कच्च्या ब्रँडीसाठी साधारण नऊ-दहा लिटर वाइन लागते. म्हणजे वाइनमधला चांगला वास दाटतो, तसा वाईटही दाटतो. वाइनला पेल्यात जेमतेम जाणवणारा आंबूस वास असेल, तर भट्टीतून आल्यावर तो नाकात झोंबतो. म्हणून या लेखात भट्टीआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

नमुना म्हणून फ्रान्समधल्या कॉग्नॅक या भागातल्या, त्याच नावाच्या ब्रँडीची पद्धत घेतली आहे, कारण तिचे नियम आणि आकडे सर्वांत काटेकोर ठरलेले आहेत. आपल्या हवेत जिथे वेगळे वागावे लागते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

१. आधी परवाना, मग भट्टी

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे. घरापुरती, थोडीशी, स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची, अशी कुठलीही सूट नाही. वायनरीचा परवाना आहे म्हणून ऊर्ध्वपातन (दारू गाळणे) करता येते, हाही गैरसमज आहे. त्याला आसवनीचा (दारू गाळण्याच्या कारखान्याचा) वेगळा परवाना लागतो. भट्टीची ऑर्डर देण्याआधी पुढच्या कागदांची चौकशी करा:

- राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आसवनी परवाना; मुरवण्याचे गोदाम आणि बाटलीबंद करण्याची जागा यांचे मंजूर नकाशे
- एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती. प्रकल्पाच्या आकारानुसार पर्यावरण मंजुरी
- अग्निशमनाचा ना-हरकत दाखला. वाफेचा बॉयलर असल्यास त्याची नोंदणी
- वजनमापांचे वैधमापन प्रमाणपत्र, लेबलची मंजुरी

यात नवखा माणूस सांडपाण्याला कमी लेखतो. भट्टीत उरलेले तपकिरी पाणी आंबट असते आणि त्यात सेंद्रिय भार प्रचंड असतो. दहा लिटर वाइनमागे नऊ लिटरच्या आसपास हे पाणी उरते. ते ओढ्यात सोडता येत नाही, शेतातही तसेच ओतता येत नाही. त्याची व्यवस्था पहिल्या नकाशातच असावी.

२. द्राक्ष निवडताना खाण्याची चव विसरा

कॉग्नॅकमध्ये जवळजवळ सगळी लागवड उन्यी ब्लाँ या पांढऱ्या वाणाची आहे. इटलीत तिलाच त्रेब्बियानो म्हणतात. हे द्राक्ष खायला आंबट आणि त्याची वाइन पातळ, पण ब्रँडीला नेमके तेच हवे असते. आंबटपणामुळे वाइन जंतूंपासून टिकते. साखर कमी असली की अल्कोहोल ८–१० टक्केच होते आणि ७० टक्क्यांपर्यंत जाताना वास जास्त पट दाटतो. १३ टक्क्यांच्या वाइनमधून दारू जास्त निघते, पण ती सपाट लागते.

आपल्याकडे उन्यी ब्लाँ किंवा लवकर तोडलेली शेनिन ब्लाँ चालते. थॉमसन, सोनाका हे खाण्याचे वाण स्वस्तात मिळाले तरी घेताना दोनदा विचार करा. त्यांची गोडी जास्त, आंबटपणा कमी. शिवाय जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचे संप्रेरक) देऊन फुगवलेल्या मण्यात पाणी जास्त आणि वास कमी असतो.

तोडणीची खूण अशी: ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) १६ ते १८, पीएच ३.० ते ३.३, एकूण आम्लता लिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास. नमुना घेताना एकाच वेलीचे दोन घड काढून रिफ्रॅक्टोमीटरला लावू नका. प्लॉटभर फिरून, उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे आणि शेंड्याचे मणी मिळून दोनशे तरी जमवा आणि त्यांचा एकत्र रस तपासा. खांद्याचा मणी नेहमी जास्त गोड असतो. तेवढ्यावर विसंबलात तर बाग लवकर तोडाल.

भुरी या बुरशीरोगासाठी गंधक मारत असाल, तर तोडणीआधी निदान महिनाभर ते बंद ठेवा. सालीवर राहिलेले गंधक रसात गेले की यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करते आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास सुटतो. केवडा या रोगासाठीच्या औषधांचाही प्रतीक्षा काळ पाळा. फुटके, माशा बसलेले घड बागेतच बाजूला काढा. तोडणी पहाटे करून क्रेट सकाळी आठच्या आत कारखान्यात पोहोचले पाहिजेत.

३. रस काढणे: हलका दाब, केएमएस नाही

टनाला ६५० ते ७५० लिटर रस पुरे. शेवटचा थेंब पिळायला गेलात की साल, देठ आणि बियांचा कडवट, तेलकट भाग उतरतो. हवेच्या दाबाने हळू पिळणारा न्यूमॅटिक प्रेस सर्वांत चांगला. सतत फिरणाऱ्या स्क्रू प्रेसला कॉग्नॅकमध्ये बंदी आहे, ती याच कारणाने.

सालीशी रस जास्त वेळ ठेवू नका आणि रस वाढावा म्हणून पेक्टिनेज एन्झाइम घालू नका. मेथॅनॉल साखरेपासून होत नाही, पेक्टिन फुटून होते. साल जितकी चोळाल आणि पेक्टिन जितके फोडाल, तितके ते वाढते.

वायनरीतून आलेल्या माणसाचा हात इथे सवयीने केएमएसच्या डब्याकडे जातो. ब्रँडीच्या रसात केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घालायचे नाही. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड भट्टीत वाफेबरोबर वर येतो, दारूला काडेपेटीसारखा झणका देतो आणि तांबे खातो. त्याशिवाय तो आंबवताना ॲसिटाल्डिहाइड बांधून ठेवतो आणि उष्णतेने ते सुटून दारूत उतरते. ज्या टाक्यांत आधी सल्फाइटवाली वाइन होती, त्या चांगल्या धुऊन घ्या.

रस रात्रभर १०–१२ अंशांवर ठेवून जड चोथा खाली बसू द्या. अगदी नितळ करू नका, थोडा गढूळ रस यीस्टला मानवतो. साखरही वरून घालू नका. कॉग्नॅकच्या नियमांत तिला मनाई आहे, आणि साखरेचे अल्कोहोल बिनवासाचे असते.

४. आंबवणे

१०० लिटर रसाला २० ग्रॅम कोरडे यीस्ट. ते दहापट कोमट पाण्यात (३५–३७ अंश) पंधरा-वीस मिनिटे भिजवा, मग त्यात थोडा थोडा रस मिसळून थंड होऊ द्या. कोमट यीस्ट एकदम थंड टाकीत ओतले तर निम्मे मरते. रसात नत्र कमी असेल तर १०० लिटरला २० ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), तेही दोन हप्त्यांत.

तापमान १८ ते २२ अंश. सात ते दहा दिवसांत घनता ०.९९५ च्या आसपास आली पाहिजे आणि उरलेली साखर लिटरमागे २ ग्रॅमच्या आत. साखर उरली तर दुहेरी तोटा: तितके अल्कोहोल गेले आणि भट्टीच्या तळाला ती करपते.

एक लिटर रस आंबताना सुमारे ४० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि टाकीच्या तळाशी साचतो. धुण्यासाठी रिकाम्या टाकीत उतरण्यापूर्वी पंख्याने हवा खेळवा, मीटरने तपासा आणि वर एक माणूस उभा ठेवा. आत कोणी कोसळला तर मागोमाग उडी मारू नका. अशा अपघातांत दुसरा माणूस वाचवायला जाऊनच जातो.

५. वाइन भट्टीपर्यंत टिकवणे

आपल्याकडे सर्वांत जास्त माल इथे बिघडतो. कॉग्नॅकमध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि पुढे हिवाळा असतो. सल्फाइट नसलेली वाइन त्या थंडीत आपोआप टिकते, आणि कायद्याने ३१ मार्चपर्यंत गाळणी संपवायची असते. नाशिकला उलटे आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी, आणि वाइन तयार होते तेव्हा उन्हाळा दारात उभा असतो. तिथली पद्धत इथे जशीच्या तशी उचलली, तर मार्चअखेर टाकीत व्हिनेगर सापडेल.

म्हणून हिशेब उलटा मांडा: आधी भट्टी आठवड्याला किती लिटर गाळू शकते ते ठरवा, मग तेवढाच माल तोडा. टाकी काठोकाठ भरलेली ठेवा. वर रिकामी जागा राहिली तर नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडा. तापमान १२–१५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि आंबणे संपल्यापासून तीन-चार आठवड्यांत वाइन गाळून मोकळे व्हा. बाष्पशील आम्लता (व्हिनेगरसारख्या उडणाऱ्या आम्लांचे प्रमाण) आठवड्यातून दोनदा मोजा. लिटरमागे ०.५ ग्रॅम ओलांडू लागली तर त्या टाकीचा नंबर पुढे घ्या. मॅलोलॅक्टिक किण्वन (जिवाणूंनी मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करणे) झाले तरी चालते, पण ते अर्धवट चालू असताना वाइन भट्टीत घालू नका.

यीस्टचा बारीक गाळ ठेवायचा की काढायचा, यावर कॉग्नॅकमध्येही एकमत नाही. रेमी मार्तँ ही कंपनी वाइन गाळासह भट्टीत घालते, मार्तेल ही कंपनी गाळ काढून. गाळामुळे फळाचा, किंचित साबणासारखा भरदार वास देणारी एस्टर्स नावाची संयुगे वाढतात आणि ब्रँडी लांब मुरवण्याजोगी होते. पण तळ करपण्याची भीतीही वाढते. पहिल्या हंगामात निथळ वाइन घ्या. गाळ ठेवायचा धीर दुसऱ्या वर्षी करा.

६. पहिली गाळणी

भट्टीचे भाग: खाली तांब्याचे पात्र, त्यावर कांद्याच्या आकाराची टोपी, तिथून वाकलेली हंसमानेची नळी, मध्ये वाइन आधीच कोमट करणारी टाकी, आणि शेवटी थंड पाण्यात बुडालेले तांब्याचे वेटोळे. तांबे शोभेसाठी नसते. गंधकाची संयुगे आणि काही मेदाम्ले ते धरून ठेवते. म्हणूनच स्टीलच्या भट्टीतून आलेल्या दारूला अनेकदा उकडलेल्या कोबीचा वास राहतो. सांधे शिशाच्या सोल्डरने जोडलेले नाहीत, हे भट्टी घेतानाच लेखी घ्या.

ज्यांनी गोव्यात काजूची गाळणी पाहिली आहे त्यांना ही पद्धत लगेच कळेल. तिथे पहिल्या गाळणीचा हलका उराक आणि पुन्हा गाळून फेणी. इथे पहिल्या गाळणीचे ब्रुयी आणि दुसऱ्या गाळणीची ब्रँडी.

२,५०० लिटर, ९ टक्क्यांची वाइन भरा. आठ-दहा तासांत सुमारे ७५० लिटर ब्रुयी मिळते, २८ ते ३२ टक्क्यांची, दुधट. आच सुरुवातीला जोरात चालते, पण वाफ टोपीत चढू लागली की लगेच कमी करा. नाहीतर फेस नळीतून थेट वेटोळ्यात जातो. पहिली दारू निळसर-हिरवी आली तर वेटोळ्यात तांब्याचा क्षार साचला आहे. भट्टी बरेच दिवस बंद ठेवून, न धुता सुरू केली की हे होते. ती दारू वापरू नका; आधी नुसते पाणी उकळून वाफेने नळी स्वच्छ करा.

७. दुसरी गाळणी आणि दोन काप

तीन वेळच्या वाइनची ब्रुयी एकत्र केली की दुसऱ्या गाळणीचा एक घाणा, म्हणजे भट्टीची एक भरती, होतो. आच मंद, वेळ सुमारे बारा तास. दारूची धार पेन्सिलीएवढी, न तुटणारी असावी.

*हेड.* २,५०० लिटरच्या घाण्यात पहिले २५ लिटर, म्हणजे एक टक्का. ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेटमुळे याला नेलपॉलिशसारखा वास येतो.

*हार्ट.* ठेवायची ती हीच दारू. सुरुवातीला ७८–८० टक्के, हळूहळू उतरत जाते. अल्कोहोल मोजणारा मीटर ५८–६० वर आला की थांबायचे. सरासरी ७०–७२ टक्के पडते आणि साधारण ६५० ते ७०० लिटर मिळते.

*दुसरा भाग.* ५८ पासून ५ टक्क्यांपर्यंतचा. तो टाकून देत नाहीत, पुढच्या घाण्याच्या ब्रुयीत मिसळतात.

*टेल.* शेवटचा पाणीदार भाग. हेडसकट पुढच्या वाइनमध्ये परत.

काप, म्हणजे एक भाग थांबवून पुढचा वेगळा धरायची वेळ, मीटरवर ठरत असला तरी निर्णय नाकाने घ्यायचा असतो. ६५ टक्क्यांच्या खाली आल्यावर दर पाच मिनिटांनी एका पेल्यात थोडी दारू धरा, तितकेच पाणी घाला आणि पेले क्रमाने मांडा. पाणी घातल्याशिवाय वास घेतलात तर अल्कोहोलच्या झणक्यापुढे काही कळत नाही. एका पेल्यात द्राक्षफुलाचा वास असतो, पुढच्यात तो ओसरतो, त्याच्या पुढच्यात ओला पुठ्ठा किंवा उकडलेल्या भाजीचे पाणी डोकावते. काप त्या पेल्याच्या एक पेला आधी. सकाळी चहा-तंबाखूनंतर लगेच हे काम करू नका.

मीटर फसवतो तो तापमानामुळे. तो २० अंशांसाठी बनवलेला असतो. मार्च-एप्रिलात बोअरचे पाणीच २८ अंशांचे असते, मग दारू ३० अंशांची बाहेर पडते आणि मीटर साडेतीन-चार टक्के जास्त दाखवतो. तुम्हाला ५८ दिसते तेव्हा खरे ५४ असते आणि टेलचा वास हार्टमध्ये गेलेला असतो. वेटोळ्यासाठी चिलर लावा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि तक्त्यावरून दुरुस्ती करा. गरम दारूची वाफही जास्त उडते, आणि ७० टक्क्यांच्या दारूची वाफ खोलीच्या तापमानालाच ठिणगीने पेटते. बर्नर आणि दारू जमा होण्याची जागा यांत भिंत हवी, मोटारी फ्लेमप्रूफ, भांड्यांना अर्थिंग.

हेड काढले की मेथॅनॉल निघून गेले, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळते हे खरे, पण पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. ते कमी ठेवायचे तर तिसऱ्या टप्प्यात, सालीपाशी. प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासून घ्या. युरोपीय संघात द्राक्षाच्या ब्रँडीला १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे २०० ग्रॅमची कमाल मर्यादा आहे, त्यावरून अंदाज येईल.

८. ओकच्या पिंपात

भट्टीतून आलेली दारू पाण्यासारखी रंगहीन असते. रंग, व्हॅनिलाचा वास आणि गोडवा लाकडातून येतो. कॉग्नॅकला लिमुझँ किंवा त्रोंसे जंगलातला ओक वापरतात. फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर वाळवलेल्या असतात आणि पिंप आतून आगीवर शेकलेले. पिंपे साधारण २७० ते ४५० लिटरची.

नव्या पिंपात सहा ते बारा महिने, मग जुन्या पिंपात. पूर्ण काळ नव्यातच ठेवलीत तर ब्रँडी चहाच्या चोथ्यासारखी तुरट होते. कॉग्नॅकच्या लेबलवर व्हीएस, व्हीएसओपी, एक्सओ असे वयाचे दर्जे असतात. मिश्रणातली सर्वांत कमी वयाची दारू व्हीएसला किमान २ वर्षांची, व्हीएसओपीला ४ आणि एप्रिल २०१८ पासून एक्सओला १० वर्षांची असावी लागते.

तिथे वर्षाला सुमारे २ टक्के दारू हवेत उडते. आपल्याकडे ती कित्येक पटींनी उडते; बेंगळुरूचे माल्ट व्हिस्की उत्पादक १० टक्क्यांच्या वरचे आकडे सांगतात. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडते, त्यामुळे टक्केवारी फारशी उतरत नाही आणि लाकडाचा रंग-वास दारूत लवकर उतरतो. दगडी जाड भिंती, जमिनीवर ओलावा आणि उत्तरेकडचे दार एवढ्यानेही फरक पडतो. पिंपे तिमाहीला भरा, मोजा, चाखा. तूट लेखी ठेवा, कारण उत्पादन शुल्काचा हिशेब तिच्यावरून तपासला जातो.

९. पाणी, मिश्रण, बाटली

भारतात ब्रँडी बहुधा ४२.८ टक्क्यांवर, म्हणजे २५ यूपीवर (‘अंडर प्रूफ’ या जुन्या मापाने) बाटलीत भरतात. ६० टक्क्यांची १०० लिटर दारू तिथे आणायला हिशेबाने ४० लिटर पाणी लागते. प्रत्यक्षात थोडे जास्त लागते, कारण पाणी आणि अल्कोहोल मिसळले की एकूण आकारमान आक्रसते. म्हणून आधी ३८ लिटर घाला, मिसळू द्या, २० अंशांवर मोजा, मग उरलेले.

पाणी खनिजमुक्त असावे. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम महिन्याभराने बाटलीत पांढरा साका करते. एकदम पाणी ओतू नका. प्रत्येक वेळी ८–१० टक्के उतरवा आणि मध्ये काही आठवडे जाऊ द्या. घाईने पाणी मारलेली ब्रँडी तोंडात फुटल्यासारखी लागते, अल्कोहोल एकीकडे आणि चव दुसरीकडे.

शेवटी उणे ५ अंशांपर्यंत थंड करून फिल्टरमधून काढा. थंडीत धूसर होणारी मेदाम्लांची एस्टर्स तिथे निघतात. फार बारीक गाळणी लावलीत तर चवीचा भरदारपणाही त्यांच्याबरोबर जातो. रंग सारखा राखायला थोडे साधे कॅरॅमल चालते, पण ते सांगितलेल्या मर्यादेत.

लेबलवर काय लिहिता ते नीट पाहा. भारतात ब्रँडी म्हणून विकला जाणारा बराचसा माल मळीच्या किंवा धान्याच्या स्पिरिटमध्ये द्राक्षाचे थोडे स्पिरिट मिसळून केलेला असतो. तुमची पूर्ण द्राक्षाची असेल तर तसे लिहायचा हक्क तुम्हाला आहे, पण त्यासाठी प्लॉटपासून टाकी, घाणा, पिंप आणि बाटलीपर्यंत एकच बॅच क्रमांक चालत आलेला दिसला पाहिजे. ती वही पहिल्या क्रेटच्या वजनापासून सुरू करा.